तीनही टेकमध्ये ते नाव नाही

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या आजोबांना मेलेला मित्र वाट दाखवतो… वाचायचं, मैत्रिणीला पाठवायचं आणि खाली एखादा खवचट शेरा मारायचा. आज त्याच जागी मी लिहायला बसलेय. शेरे मारणाऱ्यांनी खुशाल मारावेत. मीही मारले असते.

मी मूळची चंद्रपूरकडच्या गोंडपिपरीची. बाबा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बुवाबाजीचं पितळ उघडं पाडायचे. लिंबातून रक्त काढून दाखवायचं, पाण्याने दिवा पेटवून दाखवायचा आणि मग त्यामागचं रसायन समजावून सांगायचं. त्यांची बाटल्यांची पेटी मी सांभाळायचे. अशा घरात भुताखेतांना जागा कुठून असणार?

पुढे पुण्याला जाऊन साउंड शिकले. सिनेमाच्या सेटवर कलाकार बोलत असतात तेव्हा तो आवाज जागच्या जागी रेकॉर्ड करणं हे माझं काम. बारा वर्षं करतेय. या कामात आवाज हरवतात, नाही असं नाही — वायर तुटते, सेल संपतो, वारा घुसतो. पण शोधलं की कारण सापडतं. म्हणजे… सापडायचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गाजलेल्या मराठी अद्भुत कादंबरीवर मोठा सिनेमा निघाला होता. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. कॉलेजात असताना ती कादंबरी मी तीनदा वाचली होती. त्यात रानात हरवलेला एक तरुण आहे. कुठल्याच देवाला न मानणारा. रानातली माणसं त्याला जगवतात, आपल्या देवाच्या नैवेद्यातलं मटण खाऊ घालतात, आणि शेवटी तो त्या देवाच्या खांबापुढे गुडघे टेकतो. विश्वास बसला म्हणून नाही हं. उपकार फेडायची दुसरी रीत त्याला माहीत नसते म्हणून. वाचताना मी रडले होते.

सिनेमात यातलं काही उरलं नाही. आमचा हिरो अत्यंत धार्मिक माणूस. शाकाहारी, आठवड्यातून दोन उपास, व्हॅनिटी व्हॅनमध्ये छोटंसं देवघर. माणूस सज्जन, स्पॉटदादांनाही अहो-जाहो करायचा. त्याने शांतपणे सांगितलं, "मटण मी पडद्यावरही खाणार नाही. आणि माझ्या देवाशिवाय कुणापुढे गुडघे टेकणार नाही, अभिनय म्हणूनसुद्धा नाही." दिग्दर्शक म्हणाला, "अर्थात सर, तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे." दोन दिवसांत पटकथा बदलली. नास्तिक तरुण झाला परमभक्त. आणि भक्त म्हटल्यावर समोर राक्षस पाहिजेत — म्हणून रानातली माणसं राक्षस झाली.

शूटिंग आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावरून आत गेलं की एका कोरड्या नाल्याकाठी होतं. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. सागाची पानं गळत होती. कुणी चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज, आणि माझ्या डोक्याला ताप. शेजारच्या माडिया-गोंड वस्तीतल्या तीसेक लोकांना काळा रंग फासून, डोक्याला शिंगं चिकटवून राक्षसांची टोळी केली होती. त्या टोळीचा पुजारी म्हणजे मानकूभाऊ.

मानकूभाऊ साठीचे. धानाची शेती, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांतून काम. आमच्याकडे वडसा-ब्रह्मपुरीकडून निघालेल्या कंपन्या गावोगाव नाटकं करत फिरतात, त्यांत मानकूभाऊ पंचवीस वर्षं खलनायक. माईक नसला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल असा आवाज. पहिल्याच दिवशी त्यांचं बोलणं ऐकून मी हेडफोन काढून त्यांच्याकडे बघितलं होतं. आणि ते खरोखरचे पुजारीही होते. आपल्या कुळाच्या देवाचे — पेन म्हणतात ते देवाला. वर्षातून एकदा पेनाचा उत्सव असतो आणि त्याला हाक मारायचा मान मानकूभाऊंच्या घराण्याकडे.

दिग्दर्शकाला 'अथेंटिक' या शब्दाचं वेड. एका दुपारी त्याने मानकूभाऊंना आपल्याशेजारी खुर्ची दिली, चहा दिला आणि तासभर त्यांच्या देवाबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं. कुणी इतक्या प्रेमाने विचारलं तर कोण सांगणार नाही? मी तिथेच वायरी गुंडाळत होते. मलाही छान वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवा संवाद आला. राक्षसांचा पुजारी आपल्याच देवाच्या खांबावर पाय देतो आणि ओरडतो — "अमुक, तू मेलास! आता या रानाचा देव मी!" आणि त्या 'अमुक'च्या जागी मानकूभाऊंच्या पेनाचं खरं नाव होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

मानकूभाऊंनी कागद वाचला, घडी केली आणि नाल्यातल्या एका दगडावर जाऊन बसले. सगळं युनिट खोळंबलं. दिग्दर्शक माझ्याकडे आला. "तू इकडचीच ना? तुझं ऐकतील. समजाव त्यांना."

मी गेले. ऊन वर आलं होतं, त्यांच्या तोंडावरचा काळा रंग घामाने ओघळत होता.

"काय झालं भाऊ?"

"हे मी नाई म्हनत, बाई."

"अहो, नाटकातलं वाक्य आहे."

"नाटक मले शिकवू नको." रागाने नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "नाटकात मी बाप मारलो, बायको इकली, दारू पिऊन मंदिरात पडलो. लोकाईनं शिव्या देल्ल्या, मी हासलो. ते सारं खोटं होतं. पन हे नाव खोटं नाई ना. दुसरं कोन्तं बी नाव टाका. लंबं-चौडं टाका. मी असा बोंबलतो का नाई पाह्यजा."

किती साधी मागणी होती! एक शब्द बदलायचा. मी दिग्दर्शकाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "त्या नावात नाद आहे. ते जाणार नाही. हा काय लाड आहे?" मी म्हटलं नाही, की हिरोसाठी अख्खी कादंबरी बदलली, यांच्यासाठी एक शब्द बदला. सुचलंच नाही असं नाही. सुचलं होतं. पण माझ्या मनात कुठेतरी हिरोची ती 'श्रद्धा' होती आणि मानकूभाऊंची… बाबांच्या पेटीतल्या लिंबासारखी काहीतरी गोष्ट होती.

परत नाल्याकडे जाताना हिरो समोर आला. मेकअप करून केव्हाचा तयार होता. मला थांबवून विचारलं, "ते काका का बसलेत? काही अडचण आहे का?" त्याने मनापासून विचारलं होतं. श्रद्धा काय असते हे त्या सेटवर त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? खरं ते मी सांगितलं असतं तर कदाचित त्यानेच तो संवाद थांबवला असता.

मी म्हणाले, "काही नाही सर. अंधश्रद्धा. मी बघते."

"अच्छा," म्हणून तो गेला.

मानकूभाऊंजवळ बसून मी बोलत राहिले. शब्द म्हणजे हवेतला कंप. मी रोज हजारो शब्द मशीनमध्ये भरते आणि पुसते. शब्दाने कुणाचं काही बिघडत नाही. बाबांचंच सगळं बोलणं, फक्त बाबा ज्यांच्यासमोर बोलायचे ती माणसं वेगळी होती. मानकूभाऊ ऐकत होते. मग म्हणाले, "तू आपल्याच भागातली पोरगी. तू म्हन, का काई होत नाई. मंग मी म्हनतो."

"काही होत नाही, भाऊ. माझ्यावर सोडा."

त्यांनी गमछाने मान पुसली आणि उठले.

तीन टेक झाले. सकाळचे साडेअकरा असतील. एक माईक लांब काठीवर, त्याला बूम म्हणतात, तो माझा सहकारी शिरीष धरून होता. दुसरा छोटा माईक मानकूभाऊंनी पांघरलेल्या कातड्याखाली लपवला होता. माझ्या कानांना हेडफोन. तीनही वेळा ते नाव मी स्वच्छ ऐकलं. तीनही वेळा मीटरवरचे हिरवे पट्टे पिवळ्यात जाताना पाहिले. पहिल्या टेकला तर मागे शिंगं लावून उभी असलेली एक बाई दचकून दोन पावलं मागे सरकली, म्हणून तो टेक बाद झाला. तिसऱ्यानंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मानकूभाऊंनी खांबावरून पाय काढला, दोन्ही हातांनी खांब पुसला आणि पाणी मागितलं.

जेवणाच्या सुट्टीत मी फाइल तपासायला घेतल्या.

नाव नव्हतं.

म्हणजे असं — "… तू मेलास! आता या रानाचा देव मी!" इथून पुढे आवाज होता. त्याआधी श्वास घेतल्याचा आवाज होता. मध्ये, जिथे नाव असायला हवं तिथे, जवळजवळ सेकंदभर मानकूभाऊंचा आवाज नव्हता. मी दुसरा टेक लावला. तिसरा लावला. बूमचा ट्रॅक, अंगावरच्या माईकचा ट्रॅक. सगळीकडे तेच.

साउंडवाल्यांना पुढची गोष्ट सांगायला हवी. बिघाडामुळे आवाज गेला असता तर त्या जागी शांतता आली असती, कोरी. इथे शांतता नव्हती. इथे रान होतं. दूर एक सुतार पक्षी ठोकत होता, पानं पडत होती, मागे कुणीतरी हलकेच खोकलं होतं. सगळं सलग, जसंच्या तसं. फक्त एक माणूस बोलला नव्हता.

शिरीषने हेडफोन लावला, ऐकलं, काढला. "ताई, ते बोलले ना?"

"बोलले."

"मी समोर होतो. बोललेच."

कॅमेऱ्याचा स्वतःचा एक कच्चा आवाज असतो. तो वेगळ्या यंत्रात, वेगळ्या कार्डावर जातो. कॅमेरावाल्याला सांगून तोही ऐकला. चित्रात ओठ हलताना दिसतात, मानेची शीर फुगलेली दिसते, थुंकी उडताना दिसते. आवाज नाही. सुतार पक्षी आहे.

दिग्दर्शकाला सांगितलं तर तो वैतागला. "आत्ताच्या आत्ता नुसता आवाज घेऊन टाक त्यांच्याकडून." हा रोजचाच प्रकार असतो, कॅमेरा नाही, फक्त माईकसमोर उभं राहून वाक्य म्हणायचं. मानकूभाऊंना काही न सांगता माईकसमोर उभं केलं. रंग धुतला होता, कानाच्या मागे थोडा राहिला होता.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. ओठ हलले. मग "तू मेलास!" एवढं ठणठणीत आलं.

या वेळी मशीनची काही चूक नव्हती. मी समोर चार फुटांवर उभी होते. मलाही ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा. मग घसा खाकरून स्वतःचं नाव घेतलं — आलं. बायकोचं घेतलं, गावाचं घेतलं. मग पुन्हा ते नाव. तोंड उघडलं, जीभ फिरली आणि काहीच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. पण एखाद्याने खिशात हात घालावा आणि खिसाच नसावा, तसा चेहरा होता.

"नाटकं करतोय हा," दिग्दर्शक माझ्या कानाशी म्हणाला. "जाऊ दे, मुंबईत डब करू."

केलं. मुंबईच्या कुण्या आवाजाच्या कलाकाराने एसी खोलीत बसून ते नाव म्हटलं, त्याला घुमारा जोडला. त्याचं रेकॉर्डिंग व्यवस्थित झालं. सिनेमा चंद्रपूरला मी थिएटरात बसून पाहिला. त्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. नंतर हिरोने खांबाला लाथ घालून राक्षसांना मारलं, तेव्हा त्याहून जास्त. एका मुलाखतीत दिग्दर्शकाने सांगितलं की आम्ही सर्वांच्या श्रद्धेचा मान राखूनच काम केलं. मी चॅनल बदललं नाही. पूर्ण ऐकलं.

माझी एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, मनाला धक्का बसला की माणसाची एखादी गोष्ट बंद पडू शकते. हात, डोळे, अगदी एखादा शब्दही. मानकूभाऊंच्या घशाबद्दल ते मी मान्य करते. पण त्यांच्या घशाने तेव्हा शब्द काढला होता! तीनदा! शिरीषने ऐकला, त्या शिंगवाल्या बाईने ऐकला. आणि रेकॉर्डरला मन नसतं. धक्का बसायला तिथे काहीच नसतं.

बाबांनाही फाइल ऐकवली. गोंडपिपरीच्या घरी, हेडफोन लावून त्यांनी पाच-सहा वेळा ऐकली, तांत्रिक प्रश्न विचारले. वाटलं, आता ते काहीतरी काढतील. ते म्हणाले, "हे कसं झालं मला माहीत नाही." मग हेडफोन काढून माझ्या हातात देत म्हणाले, "पण आपण फसवणाऱ्यांच्या मागे लागायचो गं. हा माणूस कुणाला फसवत होता?"

पेनाच्या उत्सवानंतर पंधरवड्याने मी मानकूभाऊंच्या गावी गेले. मोहाची फुलं वेचायचा हंगाम, अंगणात ताडपत्र्यांवर फुलं वाळत होती, सगळ्या गावाला तो गोड आंबूस वास. त्यांच्या बायकोने, सोमीबाईने, बाज टाकून दिली, पाणी दिलं. मग आपणहून सांगितलं. उत्सवाच्या दिवशी पेनाला हाक मारायला मानकूभाऊ उभे राहिले. सगळं गाव, सोयरेधायरे, राज्याच्या सीमेपलीकडून आलेले कुळाचे लोक. ओठ हलले. लोक वाट बघत राहिले. शेवटी धाकट्या भावाने, सुक्रूने, हाक मारली. आता पुजारी सुक्रू आहे. कुणी मानकूभाऊंना काढलं नाही की बोल लावला नाही. ते स्वतःच देवाच्या जागेच्या कुंपणाबाहेर जाऊन बसले.

"त्या सिनेमात तुमच्या देवाले कोनी शिवी देल्ली काय वो?" सोमीबाईने विचारलं.

"नाही."

"मंग आमच्याच देवाले काऊन?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ती फुलं उलटीपालटी करायला लागली.

मानकूभाऊ आले ते थेट माझ्या बॅगेकडे बघत. "मशीन आनली काय? ऐकव ना मले."

"त्यात नाही भाऊ ते. शूटिंग संपलं तेव्हाच सांगितलं होतं ना."

"असंन. तोंडातून निंघला, तं कुठी तं गेला असंन ना. नाव तं सुक्रू बी घेते. मायावालं कुठी गेलं?"

हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि फाइल लावली. डोळे मिटून ऐकत बसले. स्वतःचा श्वास, मग सुतार पक्षी, पानं. "अजून एक डाव." मी लावत गेले. ते हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरत होते, जसं मी धरते, बारीक आवाज शोधताना.

त्यानंतर मी चारदा गेले. दर वेळी नवं सॉफ्टवेअर घेऊन, आवाज साफ करून, तो सेकंद ताणून, उचलून, वर-खाली करून. एकदा पक्षीही पुसून टाकला. त्यामागे फक्त पानं निघाली. दर वेळी ते तांदूळ निवडायला बसावं तसे मांडी घालून बसायचे आणि ऐकायचे. दर वेळी शेवटी म्हणायचे, "जवर आला होता. अजून थोडा साफ कर."

चौथ्या वेळी परत निघाले तर सोमीबाई रस्त्यापर्यंत सोबत आली. ती कधी येत नसे. एसटीची वाट बघत उभ्या होतो.

"बाई, आता येऊ नको."

"रागावलात का माझ्यावर?"

"राग तं आहेच." तिने साधेपणाने सांगितलं. "पन त्यानं नाई म्हनत. तू गेली का हा महिनाभर वाट पाहून राह्यते. नांगराले हात लावत नाई, नाटकाच्या तालमीले जात नाई. बाई मशीन घेऊन येईन, म्हनते. तू येतेस ना, म्हनून त्याले आशा लागते."

गाडी आली. मी चढले. तिने हात केला नाही, मीही नाही.

त्याला आता आठ महिने झाले. मी गेलेले नाही. फाइल अजून माझ्याकडे आहेत. निर्मात्यांच्या नियमाप्रमाणे त्या पुसायला हव्या होत्या, पुसल्या नाहीत. आवाजाच्या क्षेत्रातल्या दोन मोठ्या, जाणत्या माणसांनी त्या तपासल्या. एक म्हणाला, कुणीतरी कापून जोडलंय, आणि कुठे कापलंय ते त्याला दाखवता आलं नाही. दुसरा म्हणाला, तो माणूस बोललाच नसेल, तुम्हाला भास झाला. मग मीटर? ते आठवणीत चुकतं, म्हणाला.

असेल. मला कारण माहीत नाही. देव होता, नव्हता, रागावला, निघून गेला, यातलं काहीही मी म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही, मी अजून बाबांचीच मुलगी आहे. एवढंच माहीत आहे की एका माणसाने 'नको' म्हटलं होतं आणि त्याला 'हो' म्हणायला लावणारी मी होते. त्या भागाला कारण शोधावं लागत नाही.